भित्र्या घोड्याची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना टांग्याचा घोडा आहे. म्हातारा म्हटलं की माणसं लगेच जबडा उघडून दात बघायला येतात, म्हणून आपला जुना म्हणतो.

घोड्यांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. त्या गोष्टींतले घोडे तोफांच्या धुरातून धन्याला पाठीवर घेऊन दौडतात, खिंडी ओलांडतात, आणि मग लोक त्यांच्या समाध्या बांधतात. तसलं माझ्या हातून काही घडलं नाही. आयुष्यात मी एकच मोठं काम केलं. मी भ्यालो. ते कसं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म माण तालुक्यात, म्हसवडच्या बाजूला झाला. धुळा नावाच्या धनगराची घोडी ही माझी आई. धुळाचं सगळं घर तिच्या पाठीवर असायचं. वाकळा, भांडी, कोंबड्यांची खुराडी आणि चालून दमलेली दोन-चार कोकरं घेऊन ती मेंढरांमागून चालायची. माझा रंग तांबडा, आणि कपाळावर लांबट पांढरा टिळा. माझ्या आधीच्या वर्षी तिला एक शिंगरू झालं होतं, तेही असंच तांबडं आणि असाच टिळा. आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो की धुळाच्या बायकोचाही गोंधळ व्हायचा. आई मात्र नुसत्या वासावरून ओळखायची.

भाऊ आधी विकला गेला. लालासाहेब नावाच्या टांगेवाल्यानं त्याला नेलं आणि त्याचं नाव सरदार ठेवलं. पुढच्या साली त्याच लालासाहेबांनी आपल्या मित्राला आमच्या धनगरवाड्यावर आणलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मित्राचं नाव जोतीराम. गावात त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्यांनी माझा जबडा उघडला नाही. माझ्या मानेवर हात ठेवून ते नुसते उभे राहिले, बराच वेळ. मग म्हणाले, “अंग थरथरतंय ह्येचं. भितंय गरीब.”

“मग नगं घिऊ,” लालासाहेब म्हणाले.

“घितो की. भिणारं जनावर वाट बघून चालतं.”

असा मी तात्यांचा झालो. त्यांनी माझं नाव पाखऱ्या ठेवलं.

सातारा-सांगली रस्त्यावर, कृष्णेच्या काठी, एक तालुक्याचं गाव आहे. नाव सांगत नाही. या गोष्टीतली माणसं अजून तिथं राहतात, उगाच कुणाला अवघडल्यासारखं व्हायला नको. एसटी स्टँडसमोर चिंचेखाली टांग्यांचा अड्डा होता. सकाळी चंद्राबाई, म्हणजे तात्यांची बायको, माझ्या तोंडाला भिजवलेल्या हरभऱ्याचा तोबरा बांधायच्या. तात्या खराऱ्यानं माझं अंग घासायचे. मग गळ्यात घुंगुरमाळ, डोळ्यांना झापडं, आणि आम्ही निघायचो. रजेवर आलेले फौजी काळ्या ट्रंका घेऊन आमच्या टांग्यात बसायचे. तासगावचे बेदाण्याचे व्यापारी बसायचे. माहेरी आलेल्या लेकी बसायच्या आणि घर जवळ आलं की रडायच्या. मला हे काम मनापासून आवडायचं. लोक म्हणायचे, तात्यांचं जनावर लय शहाणं.

पण मी भित्रा होतो, ते काही जाईना. एकदम उघडलेली छत्री, वाऱ्यावर उडणारा कागद, पत्र्यावर पडलेली चिंच, कशालाही मी बिचकायचो. झापडांमुळे आम्हाला फक्त समोरचं दिसतं, बाजूचं नाही. बाजूला काहीतरी वाजतं आणि ते काय आहे ते कळत नाही, यासारखी वाईट गोष्ट नाही. लालासाहेब हसायचे. “तात्या, ह्ये घोडं हाय का शेळी? सरदार बघ, एंजिन अंगावर आलं तरी कान हलवत न्हाई.” ते खरंच होतं. माझा भाऊ कशालाच भीत नसे.

तात्या मला कधी चाबूक लावायचे नाहीत. मी थांबलो की तेही थांबायचे. खाली उतरून ती छत्री किंवा तो कागद माझ्या नाकाशी आणायचे आणि म्हणायचे, “बघ रं, काय न्हाई.” मग तोंडानं एक आवाज काढायचे, जीभ टाळूला लावून, टॉक् टॉक्. तो आवाज ऐकला की मी चालू लागायचो. तात्यांनी तो आवाज काढला आणि मी हाललो नाही, असं कधी झालं नव्हतं.

एकच जागा अशी होती की तिथं ते मला कधी तो आवाज देत नसत. त्या जागेबद्दल सांगायलाच हवं.

आमच्या गावात नगरपालिकेचं प्रसूतिगृह आहे. त्याच्या फाटकासमोरून गटार जातं आणि त्यावर लोखंडी गजांची रुंद जाळी टाकलेली आहे. गावात आलो त्याच वर्षी एका बाईला पोचवायला आम्ही तिथं गेलो. माझा पुढचा उजवा पाय दोन गजांच्या मधे गेला. मी ओढला, तो आणखी रुतला. खाली काळं पाणी होतं, घाण वास होता आणि पाय सुटत नव्हता. मी ओरडलो, मित्रांनो. घोडा असा ओरडतो हे मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. माणसं गोळा झाली. कुणी शेपूट ओढा म्हणे, कुणी पाय तोडावा लागेल म्हणे. तात्या रस्त्यात मांडी घालून बसले, माझं तोंड त्यांनी मांडीवर घेतलं आणि लोहार येऊन गज कापेपर्यंत ते उठले नाहीत. खुराच्या वर अजून तिथं केस उगवत नाहीत.

त्यानंतर तात्यांनी मला जाळीची सवय लावून बघितली. गूळ पुढे धरला, स्वतः जाळीवर उभे राहिले. पण मी पाच-सहा पावलं अलीकडेच घामाघूम व्हायचो. शेवटी त्यांनी नाद सोडला. प्रसूतिगृहाची सवारी असली की आम्ही मारुतीच्या देवळामागून जाऊन मागच्या दारानं पोचायचो. वळसा पडायचा, पण बाया सुखरूप उतरायच्या. नगरपालिकेनं कापलेला गज बदलून नवा बसवला आणि गाव ते विसरून गेलं. मी विसरलो नाही.

अशी वर्षं गेली. मग नव्वद साल उलटलं आणि रिक्षा आल्या. चिंचेखालचे टांगे एकेक करून कमी होऊ लागले. माझ्याशेजारी उभा राहणारा पांढरा घोडा एके दिवशी आला नाही. पुढे एकदा नदीकडे सवारी घेऊन गेलो तेव्हा तो मला वीटभट्टीवर दिसला. पाठीवर विटांचं ओझं होतं, मानेवर जखम होती आणि जखमेवर माश्या होत्या. मी खिंकाळलो. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. ज्याचा टांगा बंद, त्याचा घोडा भट्टीवर, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून नदीकडून धुराचा वास आला की मी चालता चालता थांबायचो.

आणि मग ती नोटीस आली.

नगरपालिकेचा शिपाई अड्ड्यावर येऊन तात्यांच्या हातात कागद देऊन गेला. तात्यांना वाचता येत नव्हतं. चंद्राबाई चौथी शिकलेल्या होत्या. त्यांनी उंबऱ्यात बसून बोट ठेवत ठेवत वाचलं. गेल्या बाजारच्या दिवशी जोतीरामाचा टांगा प्रसूतिगृहाच्या फाटकात, घोड्याचे पाय जाळीवर आणि तोंड फाटकाच्या आत, असा मालकाविना उभा होता. त्यामुळे डॉक्टरांची गाडी अडली आणि एका अडलेल्या बाईला रस्त्यावरून उचलून न्यावं लागलं. यासाठी दंड का करू नये, आणि टांग्याचा बिल्ला, म्हणजे परवाना, कायमचा का रद्द करू नये, याचा खुलासा करावा.

“दंड भरू,” चंद्राबाई म्हणाल्या. “पर बिल्ला? बिल्ला गेला तर टांगा कसा जुपणार?”

 तात्या माझ्याकडे आले आणि त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला. तात्यांच्या मनातलं मला लगामातून कळायचं, आणि हाताचं तर विचारूच नका. तो हात भ्यालेला होता. माझ्यासारखाच.

आता तुम्ही विचाराल, त्या दिवशी तिथं होतं कोण? सरदार होता. माझा भाऊ.

हे अड्ड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. लालासाहेब एका बाईला घेऊन फाटकापर्यंत गेले होते, तिला उतरवलं होतं, आणि परतीची सवारी मिळेल म्हणून टांगा तिथंच सोडून पलीकडच्या हॉटेलात भजी खात बसले होते. सरदार बिनधास्त जाळीवर उभा. तेवढ्यात मुकादम बाळासो समोरून आले. ते पाणीपुरवठ्याकडून नुकतेच वाहतुकीकडे आले होते. आमच्या गावात टांगा ओळखायचा तो घोड्यावरून. मागच्या फळीवर रंगवलेला नंबर असतो, पण तो कोण बघतो? बाळासोंनी तांबडा घोडा बघितला, टिळा बघितला, आणि जवळ उभ्या असलेल्या कुणाला तरी विचारलं. तो म्हणाला, तांबडा टिळ्याचा ना, मग तात्यांचाच. प्रसूतिगृहाच्या सवाऱ्या तात्याच आणतात, हे त्याला माहीत होतं. झालं.

त्या संध्याकाळी चंद्राबाई म्हणाल्या, “आवं, जाऊन सांगा की सरळ. लालाभावजींचा घोडा हुता म्हनावं.”

“न्हाई.”

“का न्हाई?”

“अड्ड्यावरच्या मानसाचं नाव कचेरीत घ्यायचं न्हाई. माझ्या बापानं घेतलं न्हाई, मी घेनार न्हाई.”

“आन् ते भावजी? त्येंनी तरी येऊन सांगावं का न्हाई?”

 लालासाहेब दोन दिवस अड्ड्यावर आमच्यापासून लांब उभे राहत होते. एकदा वाऱ्याची झुळूक त्यांच्याकडून माझ्याकडे आली. भ्यालेल्या माणसाच्या घामाला एक आंबूस वास असतो, घोड्याला तो चटकन कळतो. लालासाहेब माझ्यापेक्षाही जास्त भ्याले होते. त्यांच्यावर आधीच दोन तक्रारी होत्या. मला त्यांचा राग आला नाही. भीती म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. पण माझी भीती त्यामुळे कमी झाली नाही.

ती तर वाढतच चालली होती. बातमी कशी फुटली कोण जाणे, एक दिवस भट्टीचा मालक आमच्या दारात आला. त्याच्या कपड्यांना तो धुराचा वास होता. न विचारता त्यानं माझा जबडा उघडला, अंगठ्यानं ओठ वर केला, आणि माझ्या पाठीवर मधोमध जोर देऊन दाबून बघितलं. ओझं किती पेलेल ते बघत होता. 

“बिल्ला गेल्यावर सांगा,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुनाला देऊ नका.”

चंद्राबाईंच्या हातात शेणाची पाटी होती. “चल नीघ!” त्या म्हणाल्या. “पुन्यांदा हात लावलास तर ही पाटीच घालीन डोक्यात.” तो हसत गेला. चंद्राबाई गेल्या आणि पडवीच्या कोपऱ्यात उभ्या राहून पदरानं डोळे पुसू लागल्या. त्यांनाही ठाऊक होतं की बिल्ला गेला तर मला नुसतं उभं ठेवून खायला घालणं त्यांना जमणार नव्हतं. त्या दिवशी मी हरभऱ्याला तोंड लावलं नाही.

सुनावणीला तात्या कचेरीत गेले. मला बाहेर लिंबाखाली बांधलं होतं, आणि खिडकी उघडी होती, म्हणून मला ऐकू येत होतं. मुख्याधिकारी एक बाई होत्या, चारुशीलाबाई. त्यांचा आवाज शांत होता, पण त्यात ऊब नव्हती.

“तुमची हरकत काय आहे? थोडक्यात सांगा.”

“बाईसाहेब, त्यो टांगा माझा न्हवं.”

“मुकादमांनी डोळ्यांनी बघितलाय.”

“घोडा तसलाच असंल. माझा न्हवं. माझा घोडा त्या जाळीवर पाय ठेवत न्हाई. लय भितो त्यो. तितं त्येचा पाय अडकला हुता.”

बाळासो हसले. “घोडा भितो म्हनं! हे काय कारन झालं व्हय तात्या? उद्या म्हनाल, आजारी हुता.”

“मग कुणाचा होता तो घोडा?” बाईंनी विचारलं.

तात्यांनी नाव घेतलं नाही.  मग बाईंची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“नाव सांगत नाही, पुरावा नाही. मी नुसतं ऐकून काय करू? ठीक आहे. उद्या सकाळी घोड्याला फाटकाशी आणा. तो जाळीवर पाय ठेवत नसेल तर मी स्वतः बघेन. आणि ठेवला, तर मग तुम्ही मला खोटं सांगितलंत असं होईल.”

घरी परतताना तात्यांनी लगाम अगदी सैल सोडला होता. मला वाटलं, सुटलो. मी जाळीवर जाणार नाही हे तर दिवसासारखं स्पष्ट होतं. पण दिवेलागणीला चंद्राबाई चुलीपुढे बसून जे बोलल्या, ते ऐकून मी चारा चघळायचा थांबलो.

“दुसऱ्या कुनी वढला तर न्हाई जायाचा त्यो. पर तुमी बोलावलं तर? तुमचा आवाज आला की पाखऱ्या आगीत बी शिरंल.”

तात्या म्हणाले, “तेच इचार करतोय.”

“मग असं करा. आवाज देताना जरा येगळा द्या. न्हाईतर दावं हळूच मागं धरा. कुनाला कळतंय?”

“मला कळंल. त्येला कळंल. इतकी वरसं त्येला खरा आवाज दिला, आन् आता घोड्याकडून खोटी साक्ष घिऊ व्हय?”

मित्रांनो, तेव्हा मला समजलं की माझं सगळं आयुष्य आता उलटं फिरलं होतं. इतकी वर्षं तात्या मला सांगत आले, भिऊ नको. आणि आता मी भ्यालो तरच आम्ही वाचणार होतो. मी धीट झालो, एक पाऊल जरी शहाण्यासारखं पुढे टाकलं, तर बिल्ला जाणार, टांगा जाणार, आणि मी नदीकडच्या भट्टीवर. मी स्वतःलाच विचारत राहिलो, तात्यांनी टॉक् टॉक् केलं तर माझे पाय माझं ऐकतील का? माझा माझ्यावर भरवसा नव्हता. भित्र्याला स्वतःच्या भीतीची तरी खात्री असावी, तीही मला उरली नव्हती.

सकाळी फाटकाशी अर्धं गाव जमलं होतं. अड्ड्यावरचे टांगेवाले होते, रिक्षावाले होते, प्रसूतिगृहाच्या खिडक्यांतून बाया डोकावत होत्या. लालासाहेब अगदी मागे भिंतीला टेकून उभे होते. सरदारला त्यांनी आणलं नव्हतं. चारुशीलाबाई फाटकाच्या आत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “टांगा सोडा, नुसता घोडा आणा. झापडं काढा.”

झापडं काढल्यावर सगळंच दिसू लागलं, आणि ते जास्तच वाईट होतं. समोर ती जाळी होती. गजांच्या मधून ते काळं पाणी हालत होतं. उजव्या पायाची जुनी जखम एकदम ठणकल्यासारखी वाटली.

आधी बाळासोंनी माझं दावं धरलं आणि ओढलं. मी चारी पाय रोवले. त्यांनी जोर केला. मी मागे रेटलो, माझ्या नाकपुड्या फुगल्या, तोंडाला फेस आला. बाळासोंची टोपी पडली आणि पोरं हसली.

“बाईसाहेब, परका हात हाय म्हणून अडतंय,” बाळासो धापा टाकत म्हणाले. “मालकानं बोलवू द्या की. मग कळंल.”

बाईंनी मान हलवली. “तात्या, तुम्ही जाळीच्या पलीकडे या आणि बोलवा. आणि नीट बोलवा.”

तात्या जाळीवरून चालत पलीकडे गेले. दावं जमिनीवर पडलं होतं, मला कुणीही धरलेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. गर्दीत चंद्राबाईंनी तोंडात पदर कोंबला होता.

“ये रं, पाखऱ्या,” तात्या म्हणाले.

आणि त्यांनी तो आवाज काढला. टॉक् टॉक्. अगदी खरा, रोजच्यासारखाच. त्यात काही कमी नव्हतं, काही जास्त नव्हतं.

माझे पाय निघाले. शपथेवर सांगतो, मी ठरवलं नव्हतं, ते आपोआप निघाले. एक पाऊल. दुसरं पाऊल.  जाळीची कड माझ्या खुरापासून हातभर राहिली. माझी मान तात्यांकडे ताणलेली होती, त्यांच्या सदऱ्याचा वास येत होता, आणि खालून त्या पाण्याचा वास येत होता. मी उजवा पाय उचलला. तो हवेत तसाच राहिला आणि थरथरू लागला. मला पलीकडे जायचं होतं, मित्रांनो. तात्या बोलावत होते आणि मी जात नव्हतो, असं कधी झालं नव्हतं. मला लाज वाटली. मला रडू आलं, घोड्याला येतं तसं. तात्यांनी पुन्हा आवाज दिला. तोही खराच होता.

मी पाय खाली ठेवला. अलीकडेच. आणि माझे पुढचे दोन्ही गुडघे वाकले आणि मी तिथंच रस्त्यात बसलो.

जन्मात पहिल्यांदा मी त्यांचं ऐकलं नाही. आता तात्या मला मारतील, असं मला वाटलं. मी कान मागे पाडले. पण तात्या जाळीवरून धावत आले, रस्त्यात मांडी घालून बसले आणि माझं तोंड त्यांनी छातीशी धरलं. “शाब्बास रं माझ्या वाघा,” ते म्हणत होते. “शाब्बास. शाब्बास.” न ऐकल्याबद्दल शाब्बासकी कशी मिळते, हे तेव्हा मला काही समजेना.

चारुशीलाबाई जवळ आल्या. वाकून त्यांनी माझा पुढचा पाय बघितला, खुरावरची बिनकेसांची जागा बघितली. मग त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला. तो हात थोडा घाबरलेला होता, बहुतेक त्यांनी आधी कधी घोड्याला हात लावला नसावा.

“नोटीस मी रद्द करते,” त्या म्हणाल्या. “आणि मुकादम, यापुढे टांग्याचा नंबर बघायचा. घोड्याचं कपाळ नाही.”

बाळासोंनी टोपी झटकली आणि मान खाली घातली. ते वाईट माणूस नव्हते. जाता जाता त्यांनी माझ्या पाठीवर हळूच थोपटलं.

“तो घोडा कुणाचा, ते आता तरी सांगाल?” बाईंनी तात्यांना विचारलं.

“माझ्या घोड्याचं इचारा, बाईसाहेब. त्येचं सांगतो. दुसऱ्याचं न्हाई.”

संध्याकाळी आमच्या दारात लालासाहेब आले. डोक्यावर लसूणघासाचा भारा होता. तो त्यांनी माझ्यापुढे टाकला आणि उभे राहिले. तोच आंबूस वास अजून त्यांच्या अंगाला होता.

“तात्या,” ते म्हणाले.

तात्या गोठ्याच्या खांबाला टेकून बसले होते. रागानं नाही, अगदी हळू आवाजात म्हणाले, “माझा घोडा भ्याला म्हणून मी वाचलो, लाला. तू भ्यालास म्हणून मी मरत हुतो.”

लालासाहेब खाली बसले आणि दोन्ही हातांत तोंड झाकून रडले. चंद्राबाई चहा ठेवायला आत गेल्या. दुसऱ्या दिवशी लालासाहेब कचेरीत गेले, एकटेच. कुणी सांगितलं नव्हतं. काही दिवसांसाठी त्यांचा बिल्ला जमा झाला आणि सरदार घरी उभा राहिला. तेवढे दिवस माझ्या हरभऱ्यातला निम्मा हरभरा तात्या त्याच्यासाठी पाठवत होते. मी त्याबद्दल कुरकुर केली नाही, केली असती तरी कुणी ऐकणार नव्हतं.

पुढे टांगे बंदच झाले. तात्यांच्या धाकट्या भावाची मळ्यात थोडी जागा होती, तिथं मला नेऊन ठेवलं, आणि तिथंच मी आज उभा आहे. माझ्या पाठीवर कधी वीट चढली नाही.

मित्रांनो, तुमच्या दारात एखादं भित्रं कुत्रं असेल. वर्गात एखादं मूल असेल, ज्याला फळ्यापाशी बोलावलं की घाम फुटतो. घरात एखादं माणूस असेल, जे अंधारात एकटं जात नाही. त्यांना ढकलू नका आणि हसूही नका. ते कशाला भितात, ते आधी जवळ बसून विचारा. तिथं कधीतरी त्यांचा पाय अडकलेला असतो.

त्या सकाळनंतर टांगा बंद होईपर्यंत तात्यांच्या सवाऱ्या पुष्कळदा प्रसूतिगृहाला गेल्या. फाटक समोर आलं की मी काही करायच्या आधीच ते लगाम डावीकडे वळवायचे, आणि आम्ही दोघं देवळामागून जायचो. मागे बसलेली एखादी बाई विचारायची, “आवं तात्या, समोरून का न्हाई जात?”

तात्या म्हणायचे, “आमी दोघं हिकडनं जातो.”

एवढंच म्हणायचे.